उजवी थोडी फिकी

मार्गशीर्षातलं धुकं डोंबिवलीच्या एमआयडीसीत उतरलं की ते नुसतं धुकं राहायचं नाही. कुणाच्या चिमणीचा आंबट धूर, कुणाच्या गटाराची वाफ, सगळं त्यात कालवलं जायचं, आणि फाटकाशी उभ्या माणसाला समोरच्या कंपनीची पाटीसुद्धा वाचता यायची नाही. १९८६ च्या डिसेंबरातली अशीच एक सकाळ. फेज दोनमधल्या एका रंगाच्या कंपनीत श्रीपाद तळवडेकर प्रयोगशाळेची उत्तरेकडची खिडकी उघडून, कमरेवर हात ठेवून उभा होता. जेवायची वेळ टळली तरी न आलेल्या पाहुण्याची वाट बघावी तसा तो आभाळाकडे बघत होता.

श्रीपादचं कामच उजेडाचं. कंपनी कापडाला द्यायचे रंग बनवायची आणि पिंपांत भरून भिवंडीला धाडायची. दर बॅचमधला चिमूटभर रंग काढून त्यात सुताची एक लडी रंगवायची, शेजारी नमुन्याच्या रंगातली लडी धरायची, दोन्ही एकसारख्या दिसल्या तर बॅच पास. हे बघायचं ते उत्तरेच्या उजेडात. ट्यूबलाईट लबाड, ऊन त्याहून लबाड. उजेड नीट पडला नाही तर खाली माल अडून राहायचा आणि मॅनेजरसाहेबांचा फोन वर खणखणत राहायचा.

"आज उजेर खरा नाय साहेब," मागून मंजुळा बोलली. "अकराबिगर काय बगू नका."

ती मोरीपाशी उकिडवी बसून काचेची भांडी घासत होती. कोपरापर्यंत हात निळे. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली ही बाई सहा वर्षं प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची आणि रंगवलेल्या लड्या दोरीवर वाळत घालायची. टेंपररी. दर काही महिन्यांनी तिला 'ब्रेक' मिळायचा, म्हणजे घरी बसायचं, आणि पंधरवड्याने पुन्हा नव्याने नाव लावून घ्यायचं. सहा वर्षांत सलग एक वर्ष कागदावर कधी भरलंच नाही.

"तुला गं काय कळतं उजेडातलं?" श्रीपादने हसत विचारलं.

"मना नाय कलत. माज्या बाबाला कलते. पूर्वी सुताची जाली व्हती तवा बाबा ऐनाचे झाराची साल उकलून जाली रंगवायचा. बोलायचा, जालीचा रंग पान्यान मिसलला पायजे, नाय तर मासली ओलकते. मना बाजूला बसवायचा. 'मंजे, ही बग आनि ती बग. कंची काली?' दोनी मना सारक्याच दिसायच्या. मंग टपली मारायचा. टपल्या खाऊन खाऊन दिसाया लागला."

स्टोव्ह आणि रंगाची भांडी सांभाळणारा दामाजी जुन्नरकडचा. तो म्हणाला, "साहेब, हिच्या बापाला बोलवा. टपल्या मारून आपली बॅचबी पास करंल."

तिघंही हसले. अकराला उजेड निवळला. श्रीपादने लड्या धरल्या आणि बॅच पास केली. त्याआधी दोरीजवळून जाताना मंजुळा "बरूबर हाय" असं पुटपुटली होती, ते त्याने ऐकलं होतं. असं ती नेहमीच पुटपुटायची. पोपटाने मिरची मागावी तसं ते सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं.

त्याच महिन्यात कंपनीचे जुने शेड मॅचर मोतीबिंदू होऊन घरी बसले. लड्या बघून रंगाचा फरक सांगायचा, हेच त्यांचं काम होतं. आता दुसरा माणूस हवा होता. मॅनेजर म्हणाले, "आतला घ्या, बाहेरचा घ्या, तळवडेकर, पण महिन्यात माणूस बसला पाहिजे. दहावी पास असला म्हणजे झालं."

श्रीपादला हुरूप आला. ठाण्याच्या पहिल्या नोकरीत मालकाच्या मेव्हण्यासाठी त्याला बाजूला सारलं होतं. तो काटा त्याने वीस वर्षं जपून ठेवला होता. आपल्या हातात कधी काही आलं तर असं करायचं नाही, हे त्याने हेमाला, म्हणजे बायकोला, लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. म्हणून त्याने एक परीक्षा काढली. बारा पुठ्ठे. प्रत्येकावर दोन लड्या शिवलेल्या, डावी आणि उजवी. काही जोड्या अगदी एक, काहींत केसाएवढा फरक. उमेदवाराने खिडकीशी उभं राहून बघायचं आणि लिहायचं: एकसारखी, लालसर, पिवळट, गडद, फिकी. कागदावर नाव नाही, फक्त चिठ्ठी काढून आलेला नंबर. कुणाचा नंबर कुठला, ती यादी मॅनेजरच्या खणात कुलपात.

"नाव नाही, गाव नाही," श्रीपाद सगळ्यांना सांगत सुटला. "इथं फक्त डोळा!"

सात जण बसले. त्यांत मंजुळाही. दहावी तिने लग्नाआधी पास केली होती. नवरा काळुराम रेतीच्या होडीवर. काम असलं तर असलं. शेड मॅचर झाली तर ती कायम होणार होती, ब्रेक संपणार होते. त्या दिवशी ती हिरवं इस्त्रीचं लुगडं नेसून आली आणि हात लिंबाने चोळचोळून निळे डाग काढून आली.

"मंजुळाबाई, परीक्षा रंगाची हाये, बोंबलाची नाय," दामाजीने टोला दिला.

"दामाजीदादा, तुमाला बोंबील आनि पापलेट मदला तरी कलतंय क? घरवालीला इचारून या."

परीक्षा झाली. संध्याकाळी श्रीपाद चहाचा पेला घेऊन कागद तपासायला बसला. एक नंबरला सहा गुण. दोन नंबरला नऊ. तीनपासून सहा नंबरापर्यंत सगळ्यांना पाच-पाच. मग त्याने राहिलेला कागद उघडला. सात नंबर. पहिली बरोबर, दुसरी बरोबर, तिसरी बरोबर. श्रीपाद खुर्चीत ताठ झाला. आठ जोड्या सलग बरोबर. नवव्या जोडीला चूक. ती जोडी त्याने मुद्दाम अगदी एक ठेवली होती: एकाच नमुन्याच्या रंगाच्या दोन बरण्या होत्या, एक सील करून कपाटात ठेवलेली आणि एक रोजच्या वापरातली. डावी लडी सीलबंद बरणीतल्या रंगाची, उजवी रोजच्या बरणीतल्या. रंग एकच. सगळ्यांनी 'एकसारखी' लिहिलं होतं. सात नंबरने गोल गोल शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: उजवी थोडी फिकी.

पुढच्या तिन्ही बरोबर. बारात अकरा.

"दामाजी! अरे, मिळाला माणूस!" म्हणत तो मॅनेजरच्या केबिनकडे जवळजवळ पळतच गेला. यादी काढली. सात नंबर: मंजुळा काळुराम कोळी.

आता इथे काय झालं ते श्रीपादने पुढे अनेकदा आठवून पाहिलं, आणि दर वेळी त्याला तेच आठवलं. त्याला राग आला नाही. ही बाई नको, असंही मनात आलं नाही. त्याला फक्त वाटलं, काहीतरी चुकलंय. आणि काहीतरी चुकलंय म्हणून शोधायला बसलेल्या माणसाला ते सापडतंच. लड्या वाळत कुणी घातल्या होत्या? मंजुळाने. लड्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या? होत्या. उत्तरांचा कागद ठेवलेल्या कपाटाची किल्ली दोन दिवस कुठे होती? टेबलावर. झालं. दोन नंबरचे नऊ गुण कुणाचे, तेही त्याने बघितलं: चंदू परब, स्टोअरमधला पोरगा. त्याच्याबाबतीत किल्ली कुठे होती, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. स्टोअर तर प्रयोगशाळेच्या भिंतीला भिंत लावून होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मंजुळाला बाजूला घेतलं.

"मंजुळा, लड्या तूच वाळत घातल्यास ना?"

"व्हय. रोज मीच घालते."

"मग चिठ्ठ्या बघितल्या असशील."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिने पदर खोचला, जसं काही आता काम करायचंय.

"चिठीवर नंबर व्हता साहेब. रंग काय चिठीवर नसतो."

"तसं नाही गं. पण लोक म्हणतील…"

"कोन लोक?"

श्रीपादने घड्याळात बघितलं. तो म्हणाला, "बरं, इंटरव्ह्यू होईल, त्यात बघू."

इंटरव्ह्यू म्हणजे मॅनेजर, श्रीपाद आणि टेबलापलीकडे एकेक जण. पहिला प्रश्न ठरलेलाच. आपल्याकडे माणूस माणसाला भेटला की नाव विचारायच्या आधी जे विचारतो तेच: गाव कुठलं? जो तो पोटासाठी कुठून तरी आलेला, त्यामुळे या प्रश्नात कुणाला काही वावगं वाटत नाही.

चंदू परब आत आला. "गाव कुठलं रे?"

"आरोस."

श्रीपाद एकदम मालवणीवर आला. "आरोस? मगे आमच्या वाटेरच मां! मी तळवड्याचो!"

चंदूचा चेहरा उजळला आणि श्रीपादचाही. पुढचे प्रश्न मग प्रश्न राहिले नाहीत. पोरगा अडखळला तरी ते नम्रपणाचं वाटलं. लालसर आणि पिवळट यांची त्याने गल्लत केली, तर श्रीपादनेच मॅनेजरला सांगितलं, "घाबरलाय थोडा. शिकेल."

मग मंजुळा.

"गाव कुठलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"हयाच."

"तसं नाही. मूळ गाव?"

"मूल काय न् फांदी काय साहेब, आमी हयलेच. यो काय, खाली, खारीवर."

मॅनेजर हसले. श्रीपादसमोरच्या कागदावर 'मूळ गाव' असा रकाना होता. त्यात त्याने लिहिलं, 'स्थानिक'. आणि हा शब्द लिहिला की पेन आपोआप पुढचं लिहून जातं, तसं खाली शेऱ्यात लिहिलं: 'सण-जत्रेच्या रजा जास्त होण्याची शक्यता.' नारळी पौर्णिमेला मंजुळा दोन दिवस यायची नाही, हे त्याला पाठ होतं. गणपतीला तो स्वतः बारा दिवस गावी जायचा. ते कुणी मोजायचं नसतं, ते आपलं असतंच.

शेवटी अहवालात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'क्रमांक ७ यांचे गुण अधिक असले तरी त्यांनी परीक्षेपूर्वी नमुने हाताळले असल्याने ते ग्राह्य धरता येत नाहीत. क्रमांक २ यांची शिफारस करीत आहे.' मॅनेजरांनी न वाचता सही केली. त्यांना कुणीही चाललं असतं. दामाजी स्टोव्हची वात खालीवर करत नुसतं म्हणाला, "साहेब, तुमची नजर लई बारीक. पन नाव वाचलं की तुमी चष्मा बदलता." श्रीपादने ते थट्टेवारी नेलं.

जानेवारीत मंजुळाला ब्रेक लागला. जायच्या दिवशी तिने एप्रन धुऊन, घडी घालून टेबलावर ठेवला. दाराशी थांबली.

"साहेब, नऊ नंबरची जोरी बगा एकदा. तुमचीच कायतरी चूक झालीय."

"बरं, बघतो," श्रीपाद म्हणाला. मनात म्हणाला, बाईचं नाक तरी केवढं वर! नऊ नंबरची जोडी त्याने बघितली नाही. जे आपणच एकसारखं बनवलंय ते काय बघायचं?

पंधरवडा झाला, महिना झाला, मंजुळा परत आली नाही. दुसरी बाई लागली. ती दोरीजवळ काही पुटपुटायची नाही.

चंदू वाईट नव्हता. अदबशीर, वेळेवर येणारा. डोळा मात्र बेताचा. त्याने बघितलेली प्रत्येक लडी श्रीपाद पुन्हा बघायचा आणि त्याला तो 'तयार करणं' म्हणायचा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात भिवंडीहून तीन पिंपं परत आली: रंग हलका उतरतोय. धावपळ झाली. शेवटी ध्यानात आलं की रोजच्या वापरातली नमुन्याची बरणी दमट झाली होती. ओला चमचा घालून घालून तिच्यातला रंग केव्हाचा कमजोर झाला होता, आणि त्या कमजोर नमुन्याशी जुळवलेल्या सगळ्या बॅचाही कमजोर. बरणी फेकली, सीलबंद बरणीतून नवी भरली, पावसाला शिव्या दिल्या आणि विषय संपला. नव्वद साली चंदू वापीला जास्त पगाराची नोकरी बघून गेला. जाताना श्रीपादच्या पाया पडला.

मग आलं सत्त्याण्णव. कंपनी गुजरातला हलायची ठरली. माणसं हिशेब करून घरी गेली. बाटल्या धुणाऱ्या बायका सगळ्यांत आधी. राहिलेल्या चार बॅचा काढून कुलूप लावायचं, एवढ्यासाठी श्रीपाद, दामाजी आणि खाली आठदहा जण उरले होते. श्रीपादचे केस पिकले होते. जानेवारीत एका सकाळी दोघं कपाट रिकामं करत होते. सगळ्यांत खालच्या खणात, वर्तमानपत्रात बांधलेले बारा पुठ्ठे निघाले.

"आयला, ही तर ती परीक्षा," दामाजी म्हणाला. "मंजुळाबाईची."

श्रीपादला 'चंदूची' असं म्हणायचं होतं. पुठ्ठे चाळता चाळता नऊ नंबरचा हातात आला. उजेड स्वच्छ होता. पाऊणशे पावलांवरून ओळखीचा माणूस ओळखू यावा तसं त्याला ते दिसलं. डावी लडी भरलेली, खोल. उजवी थोडी फिकी.

तो खिडकीशी गेला. पुठ्ठा उलटा केला, डोळे मिटून उघडले, पुन्हा बघितलं. फिकी ती फिकीच. उजवी रोजच्या बरणीतली. म्हणजे बरणी पावसाळ्यात बिघडली नव्हती. डिसेंबरातच बिघडायला लागली होती. ते सगळ्या कंपनीत एका बाईला दिसलं होतं आणि तिने लिहून दिलं होतं. तोंडानेही सांगितलं होतं, एप्रनची घडी ठेवून. तिचं ऐकलं असतं तर ती पिंपं भिवंडीला गेलीच नसती, हे तर पुढचं. श्रीपादच्या मनात दुसरंच आलं, आणि ते इतकं साधं होतं की दहा वर्षं कसं आलं नाही याची त्याला लाज वाटली. तिने चोरून बघितलं असतं तर नवव्याला तिने 'एकसारखी' लिहिलं असतं. चोराची चूक होत नाही.

"दामाजी, तुला काय दिसतं यात?"

दामाजीने पुठ्ठा लांब धरला. "मला काय कळत न्हाय त्यातलं. पर साहेब, तिनं चोरी केली नवती एवढं तवाबी कळत व्हतं."

"मग बोलला का नाहीस रे तेव्हा?"

"बोललो की! तुमी हसला."

त्या दुपारी श्रीपादने नोकरभरतीची जुनी फाईल उघडली. पंधरा वर्षांत त्याने चौदा माणसांची शिफारस केली होती. एकाचाही वशिला घेतला नव्हता, कुणाच्या घरचा नारळसुद्धा घेतला नव्हता, हे तो देवापुढे सांगू शकला असता. 'मूळ गाव' या रकान्यावरून त्याने बोट खाली खाली नेलं. आरोस. मळगाव. वेंगुर्ले. कुडाळ. देवगड. पुन्हा कुडाळ. चौदांतले अकरा आपल्याकडचेच. मग न घेतलेल्यांचे कागद बघितले. त्यात 'स्थानिक' किती वेळा लिहिलं होतं ते त्याने सहापर्यंत मोजलं आणि फाईल मिटली.

घरी येऊन त्याने हेमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"मंजुळा? हिरव्या लुगड्याची, उंच? कपाळाला गोंदलेलं?"

"तुला कशी माहीत?"

"अहो, पश्चिमेच्या मासळी बाजारात कोपऱ्यावर बसते ती. सहा-सात वर्षं मी तिच्याकडूनच घेते. शिळं कधी द्यायची नाही. एकदा बोलता बोलता तुमच्या कंपनीचं नाव निघालं, तेव्हापासून विचारते, 'साहेबांचे डोले बरे हायत ना?' मला वाटलं, तुम्हाला चष्मा लागलाय हे कुणी सांगितलं असेल."

श्रीपादने तिच्या तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाला, "रविवारी मी जातो मासळीला."

"तुम्ही?"

"हो. मी."

रविवारी सकाळी पिशवीत पुठ्ठा घालून तो बाजारात गेला. कोपऱ्यावर निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली मंजुळा बसली होती. अंगाने भरलेली, केसांत एखादी पांढरी बट. पुढ्यात फळीवर बोईट, कोळंबी, दोन मोठ्या चिंबोऱ्या दोरीने बांधलेल्या. तिने वर बघितलं आणि ओळखलं.

"या साहेब. आज वहिनी नाय आयल्या? काय देऊ? कोलंबी बगा, आताच आनलीय खारीतशी."

श्रीपादला वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. त्याने पुठ्ठा काढून तिच्यापुढे धरला.

तिने हात लुगड्याला पुसले. पुठ्ठा घेतला नि कपाळाला आठी घातली. "हय नाय दिसनार. छपराचा निला परतो त्याचेवर." ती उठली, बाजूच्या कोळणीला म्हणाली, "बायजा, माज्या फलीवर ध्यान ठेव गं," आणि गल्लीच्या तोंडाशी, उघड्यावर जाऊन उभी राहिली. पाठ उन्हाकडे, पुठ्ठा सावलीत. तसं उभं राहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. श्रीपादने चंदूला ते तीन वर्षं शिकवलं होतं.

"उजवी फिकी," ती म्हणाली.

"तुझं बरोबर होतं मंजुळा. बारात बारा. बरणी बिघडली होती, आणि मी… मी बघितलंच नाही."

"मना ठावं व्हता साहेब," मंजुळा शांतपणे म्हणाली. "तुमालाच नव्हता."

"मी चुकलो. तुझ्यावर आळ घेतला. तुझा उत्तरांचा कागद अजून आहे माझ्याकडे. हवं तर मी लिहून देतो, कंपनीच्या कागदावर, शिक्का मारून, की परीक्षेत तू पहिली आली होतीस."

ती हसली. हसण्यात कडूपणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "कागुद घेऊन काय करू? त्यान कोलंबी बांदून देऊ? तुमची कंपनी चालली गुजरातला, आयकलाय मी."

"तरी पण…"

"तुमी मना गाव इचारलाव. मी बोलली, हयाच. तवाच तुमी कायतरी लिवलाव खाली मान घालून. मी घरी जाताना इचार करत गेली, मी काय वायट बोलली? हयली हाय ती हयली बोलली."

श्रीपादने मान खाली घातली, आणि आपण पुन्हा तेच करतोय हे लक्षात येऊन वर केली.

मंजुळा पुठ्ठ्याकडे बघत होती. तिने डाव्या लडीवरून बोट फिरवलं. मग बोलली ते हळू, बायजाला ऐकू जाऊ नये असं.

"नोकरीचा मना काय नाय आता. धंदा हाय, पोरगी शिकतेय. पन त्या दिशी बाबा दारान बसलेला. माजी वाट बगत. त्याने समद्या कोलीवाऱ्याला सांगितलेला, माज्या पोरीचे डोल्याची परीक्षा हाय. मना बोलला, 'मंजे, काय झाला?' आता त्याला काय सांगू? चोर ठरवली ह्या सांगू? तो कोयता घेऊन आयला असता तुमचे कंपनीन. मी बोलली, 'बाबा, नापास झाली.'"

"मग?"

"मंग काय. गप बसला. थोऱ्या वेलाने बोलला, 'मंग माजाच शिकवन्यान कायतरी चुकला असल.' परत कवा मना जाली दाखवली नाय त्याने. रंग इचारला नाय. एक्क्यान्नवला गेला." तिने पुठ्ठा त्याच्या हातात परत दिला. "ह्यो तवा आनला असताव ना साहेब, तर बाबाला दाखवला असता."

कंपनीच्या सगळ्या कपाटांत या बाईला देण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती घ्यायला जो माणूस हवा होता तो सहा वर्षांपूर्वीच गेला होता. श्रीपाद पुठ्ठा तिच्याकडे पुन्हा पुढे करत म्हणाला, "हा तू ठेव."

मंजुळाने क्षणभर विचार केला. "ठेवते. पोरगी लहान असताना तिला लय टपल्या मारल्यात, तिला दाखवीन." तिने तो पुठ्ठा फळीमागच्या कोरड्या टोपलीत, तिच्या डब्याखाली सरकवला. मग तिचा आवाज पुन्हा बाजाराचा झाला. "बोला आता, काय देऊ? वहिनीला बोईट आवरतात. पन ह्यो घेऊ नका, ह्याचा डोला बसलाय. हिकरचा घ्या."

त्याने ती सांगेल तो घेतला. मागे गिऱ्हाईक उभं होतं, ते "ओ काका, सरका की" म्हणत होतं. श्रीपाद सरकला. जाताना त्याने एकदा वळून बघितलं. मंजुळा दुसऱ्या कुणाला तरी चिंबोऱ्या उलट्या करून दाखवत होती.

सोमवारी आभाळ भरून आलं होतं. प्रयोगशाळेत शेवटच्या बॅचची लडी दोरीवर लटकत होती. दामाजीने विचारलं, "बघायची का साहेब?"

श्रीपाद खिडकीशी जाऊन आला. "आज उजेड खरा नाही," तो म्हणाला. "अकरानंतर बघू."

मोरीत शनिवारची भांडी तशीच पडली होती. धुवायला आता कुणी नव्हतं. श्रीपादने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, पाट ओढून घेतला आणि उकिडवा बसून नळ सोडला. पहिल्याच भांड्याच्या तळाशी निळा थर धरून बसला होता. त्याने काथ्या घेतला आणि घासायला लागला.